बुखारीच्या मागचा झरोका

मित्रांनो, मी एक जुनी बुखारी आहे. पत्र्याचे गोल पोट, पुढे जळण टाकायचे दार, वर किटली ठेवण्यापुरते सपाट डोके आणि तिथून छताबाहेर गेलेला धुराचा नळ, असा माझा अवतार. दिसायला मी कधीच चांगली नव्हते, आणि आता तर एका बाजूला पोचाही आला आहे. तरी लडाखमधल्या आमच्या गावात हिवाळ्याचे सहा महिने माणसे सोयऱ्याधायऱ्यांकडे पाठ फिरवतील, पण माझ्याकडे फिरवणार नाहीत.

गोष्ट सुरू करण्याआधी एक सांगून टाकते. माझ्या पोटातल्या आगीने एका माणसाचा जीव घेतला आहे. ज्याने मला पाठीवर बांधून घरी आणले, त्याचाच. हे शेवटपर्यंत लपवायचे आणि मग तुम्हांला धक्का द्यायचा, हे मला जमणार नाही. लपवालपवीने आमच्या घराचे आधीच पुरेसे वाटोळे झाले आहे.

माझा जन्म लेहच्या बाजारामागच्या एका बोळात झाला. फौजेने टाकून दिलेल्या तेलाच्या पिंपातून उस्ताद गुलाम हैदर यांनी मला कापले, वाकवले आणि ठोकून आकार दिला. मला घ्यायला स्मन्ला नावाचा एक तरुण आला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि घरात पहिली वस्तू घ्यायची ती बुखारी, असे त्याने ठरवले होते.

"उस्ताद, ही फार खाईल का हो?" त्याने विचारले.

"ते हिला काय विचारतोस? आपल्या घराला विचार," उस्ताद म्हणाले. "घर फुटकं असलं तर ही बिचारी काय करील? तुझं जळण खाईल आणि डोंगर तापवील."

स्मन्ला हसला. मला त्या बोलण्याचा रागच आला. बस जिथे थांबते तिथून पुढे दीड दिवस त्याने मला चढावरून नेले. दम लागला की मला खाली ठेवी, माझ्या डोक्यावर हात टेकवी आणि म्हणे, "चल ग बाई, स्पल्झेस वाट बघतेय."

स्पल्झेस म्हणजे त्याची बायको. तिने मला पाहिले, माझ्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाली, "जाड आहे. टिकेल." त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

मित्रांनो, ती माझ्या कौतुकाची वर्षे होती. माझ्याभोवती जेवणे होत, माझ्यावर थुक्प्याच्या रश्श्याचे पातेले रटरटे, लोण्यामिठाचा चहा कधी गार होत नसे. स्मन्ला संध्याकाळी माझ्या शेजारी बसून चातीवर लोकर कातायचा. त्यांची मुलगी कुन्झेस माझ्याच उबेत रांगली आणि माझ्याच दाराला हात लावून पहिला चटका खाऊन बसली. मी दिवसाला तीन टोपल्या वाळलेले शेण खात असे. ते शेण स्पल्झेस शरद ऋतूत वरच्या कुरणातून वेचून आणी. टोपली पाठीवर, पट्टा कपाळावर, आणि उतरताना गुडघ्यांवर सगळा भार. मला त्याचे काही वाटत नव्हते. उलट मी जितके खाते तितकी मी मोठी, असेच मला वाटे.

इतके खाऊनही खोली कधी धड तापत नसे. माणसांचे तोंड भाजायचे आणि पाठ गोठायची. वारा खिडकीच्या चौकटीतून, छताच्या फळ्यांतून, भिंतीच्या भेगांतून आत यायचा. म्हणून आमच्या गावात एक रीत होती. मळणी आटोपली की बायका एक दिवस ठरवून घरातली भोके बुजवत. जुने मोजे, लोकर, चिंध्या, जवाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेले कागद, जे हाती लागेल ते. मग संध्याकाळी एकमेकींच्या घरी जायचे आणि ओला हात भिंतीवरून फिरवून वारा कुठे लागतो का ते पाहायचे. नव्या सुनेची परीक्षा त्या दिवशी व्हायची. स्पल्झेसचा हात या कामात असा तयार होता की शेजारच्या बायका म्हणत, "हिच्या घरात मुंगीला यायचं तरी विचारून यावं लागतं." हे ऐकून ती लाजायची, पण मनातून फुलायची.

कुन्झेस मोठी झाली, लेहला शिकली आणि घरे उबदार करणाऱ्या एका मंडळात काम करू लागली. एका शरद ऋतूत ती घरी आली, खोलीभर फिरली, माझ्या टोपल्या मोजल्या आणि वडिलांना म्हणाली, "अबा-ले, ही बुखारी घर तापवत नाही, आभाळ तापवते. आमा-लेचे गुडघे गेले कशानं? हिचं पोट भरून भरून."

मी रागाने लाल झाले. तीस वर्षे राबले ते याच्यासाठी? पण खरे तेच होते.

महिनाभर काम चालले. उत्तरेच्या भिंतीला आतून मातीच्या विटांची दुसरी भिंत आली आणि मधल्या जागेत वाळलेले गवत आणि लाकडाचा भुसा दाबून भरला. छतावरही तसाच थर दिला. दक्षिणेला दुहेरी काचेची मोठी खिडकी बसली, म्हणजे दिवसभराचे ऊन फुकटात आत. आणि सगळे झाल्यावर कुन्झेसने माझ्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, त्या नव्याकोऱ्या भिंतीला तळहाताएवढा झरोका पाडला.

स्पल्झेस दारातच थिजली. "हे काय केलंस?"

"आमा-ले, हे भोक कधीही बुजवायचं नाही. काहीही झालं तरी."

"अग, माझा जन्म गेला भोकं बुजवण्यात. आणि तू धडधाकट भिंत फोडून वर मलाच शिकवतेस? लेहला हेच शिकवतात वाटतं?"

"तेव्हा घराला शंभर भोकं होती. तू कितीही कोंबलंस तरी उरलेल्यांतून बुखारीला हवा मिळत होती. आता हे एकच आहे. आगीला हवा मिळाली नाही की ती धुमसते आणि विषारी वायू सोडते. धूरही वर जायचा तो खोलीत उलटतो. त्या वायूला ना रंग, ना वास."

"रंग नाही, वास नाही, मग तुला दिसला कुठं?"

स्मन्ला खो खो हसला. "पोरीनं सांगितलंय ना? राहू दे. मी त्या भोकापुढे पाठ करून बसतो. गार झाली तर माझी पाठ होईल."

तो खरेच तिथे बसू लागला. त्या हिवाळ्यात तीन टोपल्यांची एक टोपली झाली. खोली अशी तापली की स्पल्झेसने कितीतरी वर्षांनी घरात अंगावर पांघरलेले मेंढीचे जाड कातडे उतरवून ठेवले. पुढच्या शरद ऋतूत तिला कुरणात जावे लागले नाही. गावातल्या आणखी अकरा घरांनी कुन्झेसला बोलावले, आणि तिने प्रत्येक घरी तसाच झरोका पाडून तीच ताकीद दिली. गावाचा मुखिया, म्हणजे आमचा गोबा फुंचोक, आमच्या शेजारीच राहतो. त्याच्याही घरचे काम झाले. माझे मात्र कौतुक संपले. पाहुणे यायचे ते भिंतीवर हात फिरवायचे, काचेतून बघायचे, माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी अर्ध्या पोटी धुमसत बसे. आज त्या रुसव्याची लाज वाटते.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी महिन्यात, बर्फ पडायला लागला तो थांबेचना. वाट बंद झाली. कुन्झेस लेहला होती. त्यातच खालच्या गोठ्यातली शेळी अवेळी व्याली आणि स्पल्झेस ओले करडू छातीशी धरून वर घेऊन आली. माझ्या मागे, सगळ्यांत जास्त ऊब असते त्या कोपऱ्यात, तिने त्याला टोपलीत ठेवले. पण झरोक्यातून येणारी बर्फाची फुंकर नेमकी टोपलीवर येत होती. करडू कुडकुडत होते.

"थोडे दिवस बुजवते," ती म्हणाली.

"पोरीनं सांगितलंय," स्मन्ला म्हणाला.

"पोरीनं सांगितलंय, पोरीनं सांगितलंय! पोरीला काय माहीत करडू आलंय ते? चार दिवस. बर्फ थांबला की काढीन."

स्मन्ला पुन्हा चाती फिरवू लागला. तिने लोकरीचा एक गोळा केला आणि झरोक्यात घट्ट बसवला. तिचे काम नेहमीच चोख असे. वाऱ्याचा एक धागासुद्धा आत येईना.

मित्रांनो, मला पहिल्याच तासात कळले. माझी ज्योत मलूल झाली, पिवळी पडली, मग नुसतेच निखारे धुमसू लागले. वर जायचे ते विष नळात चढेना, दारातून, सांध्यांतून उलटे खोलीत झिरपू लागले. ते दिसत नव्हते. दिसले असते तर स्पल्झेसने मला पाणी ओतून विझवले असते. मी ओरडायचे तरी कशाने? माझ्याजवळ तडतडणे तेवढे होते, आणि त्यालाही हवा लागते.

दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी दुखू लागली. "बर्फाच्या उजेडानं होतं," स्मन्ला म्हणाला. संध्याकाळी करडू मान टाकून मेले. स्पल्झेस त्याला मांडीवर घेऊन रडली. तिला वाटले, ते थंडीने गेले. म्हणून तिने लोकरीचा आणखी एक गोळा केला आणि पहिल्याच्या मागे कोंबला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गोठ्यात उतरली. शेळीचे दूध दाटले होते, ते काढायला तिला वेळ लागला. वर स्मन्ला माझ्या शेजारी भिंतीला टेकून लोकर कातत होता. त्याची जांभई मी ऐकली. मग चाती त्याच्या हातातून सुटली आणि माझ्या पायाशी घरंगळत आली. तो झोपला असे कुणालाही वाटले असते. मला माहीत होते तो झोपला नाही. मी विझायचा फार प्रयत्न केला, पण शेणाची आग हट्टी असते.

स्पल्झेस वर आली, त्याला हाक मारली, मग हलवले, मग गदागदा हलवले. दार उघडून तिने फुंचोकच्या घराकडे तोंड करून टाहो फोडला. आत वळली तेव्हा तिची नजर माझ्यामागे गेली. पोरीचे शब्द तिला आठवले. मग तिने पुढे होऊन दोन्ही गोळे उपसून काढले, माझे दार उघडले आणि आत टाकले. लोकर जळल्याची घाण खोलीभर पसरली. फुंचोक धावत आला तोवर माझ्या पोटात चिमूटभर राख होती. मित्रांनो, तिचा अपराध मी गिळला. मला कुणी विचारले नव्हते, तरी त्यात माझा वाटा होताच.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सांगितले, बंद खोलीत बुखारीचा वायू साठला. एवढ्यावर गावाने काय ते समजून घेतले. कुन्झेसची ती गवत भरलेली बंद भिंत. वारा जाईना, येईना. स्वतःच्या पोरीने घर बांधले आणि बाप आत कोंडला गेला.

कुन्झेस चौथ्या दिवशी बर्फ तुडवत पोचली. लामा पाठ वाचत होते. ती बापाच्या पायाशी बसण्याआधी माझ्या मागे आली आणि झरोक्यावर हात धरला. हाताला वारा लागला.

"हे उघडंच होतं, आमा-ले?"

स्पल्झेस लोण्याच्या दिव्याची वात सारखी करत होती. तिने मान वर केली नाही. "हं," ती म्हणाली.

"मग माझंच काहीतरी चुकलं," कुन्झेस म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

मला फुंचोकने दोन माणसांना हाताशी धरून बाहेर काढले. "माणूस खाल्लास," तो म्हणाला आणि अंगणात लोटून दिले. तेव्हाच हा पोचा आला. मी भिंतीकडेला आडवी पडून राहिले. रोज कुन्झेस बाहेर पायरीवर येऊन बसायची. वहीत भिंतीचे माप, खिडकीचे माप, झरोक्याचे माप पुन्हा पुन्हा लिहायची आणि खोडायची. ताटातली रोटी तशीच राहायची. स्पल्झेस दारातून तिच्याकडे बघे, ओठ उघडी आणि आत जाई. असे किती वेळा झाले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. मला ते पाहवत नव्हते, पण मान फिरवायला मला मान नाही.

एकोणपन्नास दिवसांचे विधी झाले. पेरणीच्या आधी फुंचोकने आमच्याच अंगणात उन्हात गाव जमवले. अकरा घरच्या भिंती फोडायच्या की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि खरे तर तोही ठरल्यासारखाच होता.

कुन्झेस उठली. तिचा आवाज कोरडा होता. "चूक माझी आहे. कुठं झाली ते मला सापडत नाही. सापडत नाही म्हणून आणखी भीती वाटते. उद्यापासून मी स्वतः एकेका घरी येऊन भिंती फोडून देते. यापुढे मी कुणाच्या घराला हात लावणार नाही."

"पोरी, तुला कुणी दोष—" कुणीतरी म्हणायला गेले.

"पोरीचं काही चुकलेलं नाही." स्पल्झेस उभी राहिली होती. उभे राहायला तिने माझा आधार घेतला होता. "भोक मी बुजवलं. लोकरीनं. करडासाठी. तुम्ही यायच्या आत काढलं आणि हिच्यात जाळलं."

मग फुंचोक हळू म्हणाला, "अचे-ले, ताई, पोरीला वाचवायला असं बोलू नकोस."

"पोरीला वाचवायचं असतं तर पहिल्याच दिवशी बोलले असते. इतके दिवस मी स्वतःला वाचवत होते, फुंचोक." तिने बायकांकडे पाहिले. "आणि आता मला सांगा ग. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरचं भोक आत्ता उघडं आहे? छोरोल, हिवाळाभर डोकं दुखतंय म्हणत होतीस. तुझं?"

छोरोल म्हणजे गोबाचीच बायको. ती चटकन उठली आणि घराकडे चालू लागली. मग दुसरी उठली. मग दोघी एकदम. पळत नव्हत्या, पण पावले भराभर पडत होती. थोड्या वेळाने त्या परत आल्या, एकेक जण, आणि हातातले जे होते ते अंगणात माझ्यापुढे ठेवू लागल्या. फाटका मोजा. उशीचा अभ्रा. जाड लोकरी नमद्याचा तुकडा. छोरोलने एक लोकरी टोपी ठेवली.

"ही तर माझी टोपी," फुंचोक म्हणाला. "दोन महिने शोधतोय मी." कुणी हसले नाही. त्याने टोपी उचलली नाही. बायकोकडे बघितले आणि त्याचे डोळे एकदम भरून आले.

अकरा घरांपैकी सात घरांतून काहीतरी आले.

गाव पांगल्यावर त्या दोघीच उरल्या. "एकोणपन्नास दिवस, आमा-ले?" कुन्झेसने विचारले. "हो," स्पल्झेस म्हणाली. कुन्झेसने आईला मिठी मारली नाही. ती माझ्या पोचा आलेल्या पोटावर बसली आणि हमसून हमसून रडली. स्पल्झेस चार हातांवर उभी राहून वाट बघत राहिली. जवळ जायचा हक्क आपण गमावला आहे, हे तिला कळत होते.

भिंती फुटल्या नाहीत. कुन्झेसने त्या उन्हाळ्यात प्रत्येक घरी झरोक्यातून एक नळी काढून थेट बुखारीच्या तोंडाशी आणली, म्हणजे आगीला हवा मिळते आणि कुणाच्या पायाला वारा लागत नाही. मलाही पुन्हा आत घेतले. आज मी एका टोपलीत घर तापवते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण स्मन्लाची जागा रिकामीच आहे. मायलेकी एकमेकींशी बोलतात, चहा ओततात, पण पहिल्यासारख्या हसत नाहीत. मला त्या हसण्याची फार आठवण येते.

मित्रांनो, माझे पत्र्याचे पोट आहे, त्यामुळे माझे म्हणणे गोड लागणार नाही. घर बंद करा, ऊब जपा, जळण वाचवा, ते चांगलेच आहे. पण आज घरी गेलात की शेगडी, बंब किंवा गॅसचा गिझर जिथे पेटतो, त्या जागेला हवा यायची वाट आहे का ते बघा. असली तर तिच्यात कुणी काही कोंबले आहे का तेही बघा. कोंबले असेल तर ते मायेनेच कोंबले असेल. कुणावर ओरडू नका. पण आधी ते काढा, आणि मग ज्याने कोंबले त्याला ते मोकळेपणाने सांगू द्या.